शिडी धरणारा

आमच्यात काम येणारे तिघेच.
मगदूम, मिरज डेपोत बत्तीस वर्षं पत्रा ठोकलेला.
दस्तगीर मुजावर, विजेच्या खांबावरून उतरला तो थेट पेन्शनीत.
आणि यल्लाप्पा, ज्याला कुणी निवृत्त केलंच नाही,
गुडघ्यांनीच एक दिवस सांगितलं : बास.

मी चौथा. मी शिडी धरतो.
पंचायत समितीत टेबल होतं माझं, खिडकीशेजारी.
हाताला घट्टा एकच,
मधल्या बोटावर, पेनाचा.

गुरुवारी निघतो. दस्तगीरच्या पुतण्याचा छोटा हत्ती,
मागं पत्रे, जे-हूक, अर्धं पोतं सिमेंट,
यल्लाप्पाचा ओळंबा फडक्यात गुंडाळलेला,
तान्ह्या पोरासारखा.
मगदूम वाटेत तीनदा सांगतो की त्याला साखर आहे
आणि डिग्रजच्या फाट्यावर जिलेबी घेतो.

मालन ऐवळेचं घर मळीच्या अंगाला.
पुराची रेघ भिंतीवर अजून तशीच,
माझ्या छातीला लागते.
पोरगी तेव्हा केवढी होती, विचारलं.
तिनं रेघेखाली हात धरला.
बराच खाली.

चौकट तेव्हापासून फुगलेली. दार लागत नाही.
रात्री आतून पाटा टेकवून झोपतात मायलेकी.
वर पत्र्याला इतकी भोकं
की दुपारी जमिनीवर उन्हाचे रुपये पडतात.

यल्लाप्पा आधी भिंतीशी बोलतो.
बोटाच्या पेरानं ठोकतो, कान लावतो,
थांबतो.
'ही जगंल,' म्हणतो. 'ती न्हाई.'
एवढा आखूड निकाल मी नोकरीत कधी दिला नाही.
मी लिहायचो :
सदर प्रकरणी त्रुटींच्या पूर्ततेअंती.

ट्रंक सरकवताना बाईनं एक पिशवी काढली,
दुधाची रिकामी पिशवी, तोंडाला दोरा.
आत रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला,
आणि चार घड्यांचा एक कागद,
पाण्यातून वाचवलेला.
'तुमी हापिसातलं म्हनं. एवढं वाचून दावा.
त्या टायमाला कुनी सांगितलंच न्हाई
काय लिवलंय ते.'

घरकुल. अर्ज नामंजूर.
आठ-अ उतारा जोडलेला नाही.

'एक कागद कमी होता,' मी म्हणालो.
'कुठला?'
सांगितला.
'त्यो तर हुता की घरात,' ती म्हणाली,
रागानं नाही,
हरवलेला चमचा फळीवरच सापडावा तसं.
'मागितला असता तर दिला असता.'
मग वाकून बघत : 'ही सही कुनाची?'

'वाचता येत नाही,' मी म्हणालो.
ते खरंच होतं. आम्हा सगळ्यांच्या सह्या तशाच.
खाली कंसात नाव टंकलेलं होतं.
त्यावर माझा अंगठा होता.

'आरं तांबवेकर!' वरून मगदूम ओरडला,
'शिडी सोडून कुठं गेलास लेका?
पडलो म्हंजे माझी पेन्शन तू घेनार व्हय?'

कागद बाईच्या हातात दिला. दुसरं काय करणार.
पोरगी दहावीला आहे.
घडी घालण्याआधी तिनं तो वाचला.
मला पाठीवरून कळलं, वाचते आहे ते.

मी शिडीपाशी आलो. दोन्ही पाय धरले.
वर हातोडा, मग वॉशर मागितला, मग शिवी,
मग दस्तगीरची शीळ.
जमिनीवरचे रुपये एकेक करून जात होते.
पाच राहिले. तीन.

ती आली.
शिडीचा एक पाय माझ्या हातातून काढून
तिनं धरला.
काही बोलली नाही. मीही नाही.
वर मगदूमचं वजन इकडून तिकडं सरकलं
आणि आम्ही दोघांनी
एकदमच जोर दिला.

दाराचं पुढच्या गुरुवारी.
चौकट रंधून काढावी लागेल, यल्लाप्पा म्हणाला,
नुसतं तासून भागणार नाही.