सतरा नंबरचा फॉर्म

माझ्या मशीनचा 'ळ' तुटका होता.
भोईवाडा कोर्टाच्या कुंपणाला टेकून टेबल,
वर निळी ताडपत्री, बोटांना कार्बन.
भाडेकरार, नावात बदल, हरवलेलं रेशनकार्ड,
कोणाचं काही अडलं नाही त्या 'ळ'वाचून.

दुपटेबाईंचं अडलं.
ॲडव्होकेट विशाखा दुपटे. काळा कोट हातावर,
चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन.
एका अर्जात 'शाळा' एकोणतीस वेळा, प्रती पाच.
बाई स्टुलावर बसून एकेक 'ळ' पेनाने पुरा करायच्या.
मी म्हणालो, साहेबांना कळतं हो तसंही.
"कळत असेल. पण अर्धी शाळा मागायला नाही जात मी."

अँटॉप हिलची महापालिकेची शाळा
धोकादायक म्हणून बंद केली
आणि आत निवडणुकीच्या पेट्या ठेवल्या.
पेट्यांना धोका नव्हता.

आयांची प्रतिज्ञापत्रं माझ्याकडे आली.
जैतून शेख, मुत्तुलक्ष्मी, अंजिरा वाघमोडे.
अंजिराने अंगठा पुढे केला तर बाईंनी धरून ठेवला,
आधी सगळं वाचून दाखवलं, मग विचारलं,
यात तुझं नसलेलं काही आहे का?
"ते 'सबब' काय असतं? मी नाही तसं बोलत."
'सबब' गेला. पान पुन्हा टाइप केलं.
पैसे बाईंनी दोन्ही पानांचे दिले.

नव्या शाळेचं अंतर त्यांनी नकाशावर मोजलं नाही.
सात वर्षांच्या हबीबाचं बोट धरून गेल्या,
ट्रकांच्या रस्त्याने, गटारावरच्या फळीवरून.
चार हजार एकशे सहा पावलं.
हायकोर्टात म्हणे विचारलं, या आकड्याला आधार काय?
"मागच्या बाकावर बसलाय आधार, मिलॉर्ड.
पाय जमिनीला पुरत नाहीत तिचे."

मग तारखा. अडीच वर्षं नुसत्या तारखा.
दर शनिवारी संध्याकाळी त्याच बंद शाळेच्या पायरीवर
बाई आयांचा वर्ग घ्यायच्या:
रेशनची पावती कशी मागायची,
छातीवर पट्टी नसलेल्या पोलिसाला नाव कसं विचारायचं.
एका शनिवारी विषय नुसता सहीचा.
अंजिराचा 'अं' त्या दिवशी पायरीभर झाला,
खडू संपला.

निकाल: तळमजल्याच्या तीन खोल्या उघडा.
वरचा मजला पेट्यांकडेच.
मी पेढे आणले. बाईंनी एक घेतला,
खाता खाता विचारलं, तुम्ही कितवीपर्यंत हो, गोविलकर?

एकोणीस वर्षं मी लोकांचं शिक्षण टाइप करत होतो,
वय, धंदा, राहणार,
माझं कोणी विचारलं नव्हतं.
सातवी, म्हणालो. मग वडिलांची गिरणी बंद.
मग हे.

दुसऱ्या दिवशी मशीनखाली कागद सरकवलेला.
सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावी.
सेहेचाळीसाव्या वर्षी, बाई? मुलगी हसेल.
"हसू दे. गणित तिच्याकडूनच शिका."

तो मी टाइप केला नाही.
आधी रद्दी कागदावर गिरवला, मग पेनाने भरला.
'शेवटची शाळा' या रकान्याशी हात थांबला,
समोर एक पक्षकार दोनदा खाकरला.

बाईंनी वरपासून खालपर्यंत वाचला,
स्वतःचं पेन उघडलं होतं, ते पुन्हा बंद केलं.
"फी शुक्रवारपर्यंत," म्हणाल्या,
"आणि वरच्या मजल्याचा अर्ज घ्या आता.
प्रती पाच."