अ‍ॅव्हरेज

डॅशबोर्डच्या खणात एक वही असते,
कव्हरवर कोण्या बियाणे कंपनीची सरकी फुललेली.
आत माझं अक्षर : तारीख, काटा, लिटर,
आणि मिक्सर मागं असला तर एक फुली.

रिकामी गाडी चौदा देते.
हे टपरीवर सांगावं, सोयऱ्यांत सांगावं.
मिक्सर हुकात अडकला
की नऊ. कधी साडेआठ.
हे फक्त वहीला माहीत.

जुनं इंजिन, अडीच लिटरचं.
पहाटे खोकतं, पण चढावर असं ओढतं
जसा उकंडामामा सिमेंटची थैली उचलायचा,
चकार शब्द न काढता,
आणि मग घटकाभर कोणाशीच न बोलता.

भाचा सम्यक, आयटीआय, डिझेल मेकॅनिक.
म्हणाला, मामा, हे इंजिन लय पेते.
दीड लिटरचं घे, टर्बोवालं.
लहान पोट, कमी भूक.
दोस्ताची गाडी आणली त्यानं आठ दिवस.
टाकी काठोकाठ, फेस बसेस्तोवर पंपावर थांबून,
टायरात हवा मोजून,
तोच मिक्सर, तीच पिन, तीच साखळी,
दारव्ह्याहून लाडखेडकडे, स्लॅबामागून स्लॅब.

साडेअकरा.
आकड्याखाली त्यानं दोन रेघा ओढल्या.
मीही मान हलवली.
मनातल्या मनात महिन्याचं डिझेल वाचवलं,
शीलाच्या दाढेचा डॉक्टर भागवला,
पुढच्या टायरची जोडी घेतली.

तेव्हा डाल्यातून बेबीबाई बोलल्या,
घमेल्यांच्या चळतीला टेकून :
"हाव ना भाऊ, चांगली हाये गाडी.
फक्त त्या चढावर आमाले उतरा लागते."

खरंच.
टर्बो जागा व्हायच्या आत गाडीचा दम तुटायचा,
क्लचचा जळका वास,
सम्यक खिडकीतून हात हलवायचा
आणि नऊ बाया उतरायच्या
मे महिन्याच्या डांबरावर,
सिमेंटनं कडक झालेले पदर,
डोक्यावर उपडी घमेली,
दीड किलोमीटर वर.
आम्ही माथ्यावरच्या पळसाखाली थांबायचो,
इंजिन बंद करून. डिझेल वाचवत.

मी वही उघडली.
तारीख, काटा, लिटर.
नऊ जणींचं चालणं
कोण्या टाकीतून जळलं?

सम्यक हुशार पोरगं. लगेच गणित मांडलं :
नऊ जणी, म्हणजे पाचशे किलो धरू...
"चारशेच धर बाप्पा," बेबीबाई म्हणाल्या,
"एवढं कोठं खातो आमी."

त्याचं पेन तिथंच थांबलं.

सोमवारी यवतमाळला शोरूमवर गेलो,
आपल्याच गाडीला मिक्सर लावून, बाया डाल्यात.
टायवालं पोरगं धावत आलं :
सर, टेस्ट ड्राइव्हला दोनच जण बसतात.
म्हटलं, रिकामी गाडी मला नको दाखवू,
रिकाम्यात सगळेच चांगले असतात.

बाया एसीत उभ्या राहिल्या, सोफ्याकडे बघत.
जिजा तेवढी बसली, अगदी काठावर.
बेबीबाईंनी मात्र प्रत्येक बोनेटवर टिचकी मारली,
माठ वाजवून घेतात तशी.
"यातली कोणती चढते, आमी बसून?"
पोरानं मोठ्या इंजिनाकडे बोट दाखवलं,
मग गळा साफ केला :
"पण काकू, हिचा अ‍ॅव्हरेज कमी आहे."
"कोनाले कमी?"

सही मी अजून केली नाही.
हप्ता मोठा आहे, आणि शीलाची दाढ दुखतेच आहे.
येताना उतारावर दुसरा गिअर धरून ठेवला.
मागून मिक्सर ढकलत होता,
म्हातारं इंजिन गुरगुरत त्याला अडवत होतं,
बाया कोणाच्या तरी सुनेवर हसत होत्या.

घरी आल्यावर पट्टीनं एक रकाना आखला.
वर लिहिलं : उतरल्या.
खाली आजचं :
फुली. साडेआठ. शून्य.