पहिलं अंजीर सोडून

बेडफर्डमधलं हे घर घेतलं तेव्हा
फिलोमेनाबाईंनी किल्ल्या दिल्या, बॉयलरची पुस्तिका दिली,
आणि परसात नेऊन बजावलं:
घर तुमचं. झाडही तुमचं.
पहिलं अंजीर माझं.
खरेदीखतात हे कुठेच नाही.

झाड त्यांच्या दोनातोने लावलेलं.
इटलीहून तो इथे वीटभट्टीवर कामाला आला,
भट्टीने टाकून दिलेल्या वाकड्या विटांची भिंत रचली,
आणि तिच्याशी, उन्हाच्या अंगाला,
वॉशिंग मशीनच्या जुन्या ड्रममध्ये हे रोप.
मुळांना ऐसपैस जागा दिली
की नुसती पानं वाढवतं म्हणे,
माझ्या धाकट्या दिरासारखं.

ऑगस्ट सरताना एकेक मान टाकतं,
बुडाशी मधाचा थेंब येतो.
तेव्हाच तोडायचं.
आधी हात लावला तर देठातून चीक,
आणि दोन दिवस मनगटाला खाज.
मी खाजवत खाजवत शिकले.

एवढ्यांचं करतेस काय, विचारतात.
उभ्या उभ्या खाते, चहाच्या आधी, दात न घासता.
खरं उत्तर हेच.
बाकीची लोकांना सांगायची:
तव्यावर तुपात पालथी घालून, वर मिरपूड.
दाण्याचं कूट, हिरवी मिरची, मीठ घालून कोशिंबीर,
जिला सून सॅलड म्हणते आणि दोनदा वाढून घेते.
गांधीलमाशीने उष्टावलेली तेवढा भाग कापून
गुळात आटवायची, पोळीला लावायला.
वाळवलेलं एक पान भाताच्या आधणात:
झाकण काढलं की नारळाचा वास,
घरात नारळ नसताना.
आणि चीक, तोच खाजरा चीक,
चार थेंब कोमट दुधात.
दूध जरा थरथरतं, मग धरतं.
खरवस नव्हे. खरवसाची चुलतबहीण,
किंचित कडवट बोलणारी.

उंबराचं फूल झालात, म्हणतो आपण
कुणी फार दिवसांनी दिसलं की.
इथे सुरी फिरवली
तर आत फुलंच फुलं,
लाल, दाटीवाटीने, भिंतीकडे पाठ करून बसलेली.
म्हणजे येत होती नेमाने.
आपणच बाहेरून हाका मारत होतो.

यंदा पहिलं अंजीर कस्तुराने फोडलं.
अर्धं शिल्लक होतं.
ते बशीत घेऊन मी रस्ता ओलांडला;
फिलोमेनाबाई हल्ली पलीकडच्या गल्लीत
मुलीच्या तळमजल्यावर असतात.
त्यांनी चष्मा लावला,
चोचीच्या खुणा बराच वेळ पाहिल्या.
"दोनातोलाही कधी धीर नसायचा," म्हणाल्या,
आणि उरलेलं खाल्लं, देठासकट.

बशी धुऊन द्यायला उठत होत्या. राहू द्या म्हटलं.
दुसरं उद्यापर्यंत मान टाकेल.
ते कायद्याने माझं.
बघू, पहाटे कोण आधी उठतं.