ओळंबा

पहिल्या दिवशी परेरा सरांनी माझी वही
उलटी धरली
आणि शेवटच्या पानापर्यंत तशीच पाहिली.
नवऱ्याचा चेहरा, शेजारणीचं मांजर,
गच्चीवरून दिसणारी गोदीची क्रेन,
सगळं डोक्यावर उभं.
मग म्हणाले, "तुम्हाला बरंच माहीत आहे.
तेच आड येतंय."

इंटरमिजिएटला अ श्रेणी होती मला.
हे मी बोलले नाही.
(बोलले. पुढच्या रविवारी, जिना उतरताना.)
"कितवीत होता तेव्हा?"
"नववीत."
"मग हात अजून नववीतच आहे. असू दे,
दहावीपासून सुरू करू."

सहा महिने एक कान.
प्लास्टरचा, खिळ्याला टांगलेला, पाळीचा टवका उडालेला.
माथारपाखाडीतलं लाकडी घर, वरचा मजला,
उत्तरेची खिडकी, खाली कुणाचा तरी कोंबडा.
एक डोळा मिटा. कोपर ताठ.
पेन्सिलीवर अंगठा सरकवा:
उंचीत रुंदी किती वेळा बसते?
मी म्हणायचे, दोन.
कान म्हणायचा, दोनाला जरा कमी.
त्या जरात माझे चार रविवार गेले.

कोळशानं कागद काळा करायचा
आणि लादीपावाच्या मऊ गराने
त्यातून उजेड वेचायचा.
कडा उरायच्या, त्या आम्ही चहात बुडवून खायचो.
काळे गोळे कावळ्यांना टाकायचो.
कावळे हुंगून निघून जायचे.

सोमवार ते शुक्रवार
मी विम्याच्या दाव्यांचे फोटो तपासते.
दारावरचा पोचा किती खोल,
जुना की कालचा,
आपसूक आला की हातोडीनं आणला.
वीस वर्षांत मला फसवणारे
बोटांवर मोजावेत.
आणि हा बहिरा कान
दर आठवड्याला फसवायचा.

कानानंतर पाऊल. पावलानंतर मान नसलेला एक माणूस.
मग फेब्रुवारीत एकदा
सरांनी खुर्ची ठेवली, आणि खुर्चीवर
भाऊच्या धक्क्यावरची पद्मीबाय येऊन बसली.
वीस मिनिटं बसायची, पाच मिनिटं तंबाखू.
बसली की भिंत.

मी मन लावून काढलं.
डोळे किलकिले करून सावल्यांचे दोनच गट केले,
विरणाऱ्या कडेशी घाई केली नाही,
गळपट्टीच्या हाडाखालचा खळगा तर
असा उतरला की मीच दोनदा मागे सरकून पाहिलं.

सुटीत ती उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली.
माशांचा वास, चुन्याचा वास.
बराच वेळ काही नाही.
मग बोट, कागदापासून वीतभर लांब:
"यो खांदा माजा नाय."

सर काही बोलले नाहीत.
दोऱ्याला बांधलेली कपाटाची किल्ली
माझ्या हातात दिली.
ती परत बसली. मी हात लांब करून
दोरा हवेत सोडला.
किल्ली हलत राहिली, मग थांबली.

उजवा खांदा दोन बोटं खाली.
तेहतीस वर्षं पाटी त्या अंगाला कलती.
सहा महिने मोजायला शिकलेली मी,
माझ्या कागदावर दोन्ही खांदे सारखे होते,
शाळेच्या रांगेत उभं केल्यासारखे.

पाव घेतला. खांदा पुसला.
खांद्याबरोबर मान गेली,
मानेबरोबर तो खळगा,
ज्याच्यावर मी खूश होते.
बारा वाजायला अकरा मिनिटं.
कागदावर आता एक राखाडी ढग
आणि त्यात एकच रेघ, तिरकी.

श्रेणी नाही. सरांनी कोपऱ्यात तारीख घातली.
पद्मीबाय पैसे मोजून कमरेला खोचत म्हणाली,
"आयतवारी येतंय मी. तू पन ये."
आणि बशीतला उरलेला पाव उचलून,
काळा का पांढरा न बघता,
जिना उतरली, उजवा खांदा आधी.