साळुंक्यांची मोजणी, सलमाबाद

रविवारी जीवशास्त्र, मंगळवारी पर्यावरण धोरण,
गुरुवारी समाज आणि त्याचे प्रश्न.
तिन्हींना मिळून वही एकच,
कारण दप्तराचा पट्टा तुटलेला, आणि बस लांबची.

डॉ. बुदूर म्हणाल्या, परकी प्रजाती हा तुझा विषय.
पक्षी : साळुंकी.
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "कविता नको. आकडे आण."

तर आकडे.
गॅरेजांच्या मागची गल्ली,
कामगारांच्या इमारतीसमोर तीन कडुनिंब
(तेही इथले नव्हेत, पण त्यांच्यावर कुणाला प्रकल्प मिळालेला नाही).
संध्याकाळी पाच दहा ते पाच पन्नास.
लुलवा बोट दाखवते, मी रेघा ओढते,
चार उभ्या, एक आडवी.
दोनशे सोळापाशी मधलं झाडच उडालं
आणि गरगर फिरून पुन्हा येऊन बसलं.
वहीत लिहिलं : अंदाजे.

लुलवाच्या आजोबांकडे बुलबुल होता,
पांढऱ्या गालांचा, बोटावर बसून खजूर खाणारा.
"आता बागेत सकाळी ऐकूच येत नाही," ती म्हणते.
दोष देत नाही, नुसती सांगते,
आणि मी दुर्बिणीची काच पुसत राहते
जणू काही मीच
नाही. आकडे.

मार्चात स्वतः पाहिलंय :
डाळिंबाच्या झुडपातून साळुंकी निघाली,
चोचीत लालसर ठिपक्यांचं अंडं.
फरशीवर टाकलं. वळून बघितलंसुद्धा नाही.
पिवळ्या डोळ्यांची, तीच,
जिच्यासाठी आई कुडाळच्या अंगणात तांदळाच्या कण्या टाकायची.
तेही लिहिलं.
पेन अडलं नाही, असं म्हणणार होते.
अडलं.

धोरणाच्या तासाला उपाय शिकलो :
पिंजरे, घरटी काढणं, कचऱ्याच्या डब्यांना झाकणं.
पिंजऱ्याचा खर्च इतका, झाकणाचा तितका.
मग कोष्टक : या निर्णयाशी कुणाकुणाचा संबंध?
पालिका, बागायतदार, पक्षीमित्र.
खाली एक ओळ उरली.

त्या ओळीत मोतालेब.
बारिसालचा, वेल्डर, तिसरा मजला, खोलीत आठ जण.
जेवणं झाली की उरलेला भात
गच्चीच्या कठड्यावर मुठीमुठीने मांडतो,
भिंतीवर पणत्या मांडाव्यात तसा.
"आमच्यात हिला शालिक म्हणतात," हिंदीत सांगतो.
"घरी फोन लावला की मागे हा कलकलाट.
तिकडचा की इकडचा, बायकोला कळत नाही."
मी प्रश्नावलीतला सातवा प्रश्न विचारला :
भात बंद झाला तर?
तो म्हणाला, "कुणाचा?"

घरी पप्पा कागद चाळत होते.
माझ्या बहारीनच्या कार्डावर आजवर त्यांची नोकरी उभी आहे.
पुढच्या वर्षी नियम वेगळा,
मग कॉलेज, मग बघू.
जन्म कुठला, या रकान्यात मात्र
इथल्याच दवाखान्याचं नाव, पुसट शाईत.
आई म्हणाली, "आधी जेव. भात निवतोय."

रात्रीचे साडेअकरा.
"शिफारस" या मथळ्याखाली अर्धं पान कोरं.
डब्यांना झाकणं हवीत, हे पहिलं लिहिलं.
बुलबुलाचं झुडूप राखायचं तर
घरटी वेळेत काढावी लागतील,
हेही लिहिलं, आणि खोडलं नाही.
भाताचं वाक्य जुळत नाही.
तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा कर्ता हरवला.

सकाळी एसीच्या डब्यावर एक साळुंकी,
चोचीत काडी, नजर थेट खोलीत.
आई स्वयंपाकघरातूनच विचारते, "दुसरी कुठंय?"
तिचा जुना हट्ट, एकटी दिसली
तर जोडीची शोधल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.
नऊची बस. प्रकल्प द्यायचा आहे.
मी पेन ठेवून खिडकीतून वाकते,
पाण्याच्या टाक्या, डिश, समोरची वाळत घातलेली पांघरुणं,
एकेक बघते.

ही मोजणीत धरणार नाही.