बदली

रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये भूकंप
सकाळी साडेदहाला येतो.
त्याआधी चहा होतो.
त्याआधी मी ब्रेसला चुना फासते,
पातळ, दोन हात, गोणीतला साधाच.
पाहुणे विचारतात, रंग कशाला?
रंग नव्हे. लोखंड कुठे हरलं
ते आधी चुन्याला कळतं.

दोन मजल्यांची चौकट, आत कोणी राहत नाही.
मनगटाएवढ्या बोल्टांनी जमिनीला जखडलेली.
हिरामण घरत म्हणतो, इथंच कुठेतरी
त्यांचं भाताचं खाचर होतं,
गुडघाभर चिखल.
नेमकं कुठे, ते त्यालाही आता दाखवता येत नाही.

जॅक चौकटीला ढकलतो, मग ओढतो.
पाच मिलिमीटर. दहा. वीस.
खांबांना काही नाही, तुळयांना काही नाही.
कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा बसलेला तो
सगळं अंगावर घेतो.
तिसाला चुना फुटला. आधी केसासारख्या रेघा,
मग पापुद्रे, फरशीवर पांढरा सडा.
चाळिसाला आवाज आला,
रिकामं पिंप उन्हात तडकावं तसा,
आणि सात नंबर कमरेत वाकला.
केळशीकर मॅडमनी टाळी वाजवली.
ज्यानं मोडायचं, तोच मोडला.

पण परीक्षा खरी नंतरची.
घर रिकामं न करता
मोडलेला काढायचा, नवा घालायचा.
मी घड्याळ धरलं. हिरामण पाना घेऊन वर.
नट कुरकुरले, निघाले.
जुना साखळीवरून उतरला, नवा चढला.
आता भोकासमोर भोक येतंय का,
आठ महिन्यांचं काम त्या एका प्रश्नावर.
हातोडा लागला तर नापास.
हिरामणनं करंगळी घातली, फिरवली,
कान लावल्यासारखा थांबला.
"जाईल."
बोल्ट हातानंच गेला.
अठ्ठेचाळीस मिनिटं, मी लिहिलं.

मॅडमना सोसायट्यांसाठी मराठीत माहितीपत्रक हवं होतं.
रिप्लेसेबलला शब्द काय?
पुनर्स्थापनक्षम, मी म्हटलं, आणि माझीच जीभ अडखळली.
वरून, शिडीवरून, हात पुसत तो म्हणाला,
"बदली म्हना की.
मी पन बदलीच हाय, अकरा वरसा जाली."
मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
मी वहीत शब्द लिहिला,
पुढे काय लिहायचं ते सुचेना.

पत्रकात शेवटी पुनर्स्थापनक्षमच छापलं.

सात नंबर शेडमागे पडून आहे,
भंगारवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला.
दुपारी हिरामण त्याच्यावर बसून डबा उघडतो,
सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी.
जिथं तो वाकला,
तिथं माणूस बरोबर मावतो.
उठतो तेव्हा पँटला
मागं थोडा चुना.