अठ्ठावीस गेज

पपया नर्सरीच्या सिग्नलला वळलं की
तिसरा गाळा आमचा.
पाटी कधीच गंजली. लोक पंप बघून येतात:
दिंडोरीचे, ओझरचे, जळून काळे झालेले सबमर्सिबल,
दारात ओळीनं आडवे.

बोरस्त्यांचा तन्मय मात्र आला
मुठीत मावेल एवढं काहीतरी घेऊन.
टेबलावर ठेवलं. आधी मागे बघितलं, मग माझ्याकडे.
"मावशी, हिची तार सारखी तुटते."
विकायला बंदी आहे म्हणे या धुराच्या नळीला.
कुठून आणलीस, मी विचारलं नाही.
आईला माहितीय का, तेही नाही.
ते पुढच्या आठवड्यात विचारलं.

एक बारकी वाटी, दोन खांब, दोन स्क्रू,
मधे सहा वेढ्यांपुरती जागा.
बावीस वर्षं तार गुंडाळतेय मी,
चोवीस खाचांचा स्टेटर गप्पा मारत भरते,
पण तारेला इतकं लहान घर
कुणी दिलेलं पाहिलं नव्हतं.

लोहचुंबक लावलं. चिकटली.
म्हणजे तांबं नाही, नायक्रोमही नाही,
ही तिसरीच जात. तापट, आणि तितकीच ताठ.
"दाखव कशी बांधतोस."

येवल्याला संक्रांतीत मांजा खेचतात तशी खेचली त्यानं.
पकडीच्या दातांनी तीन ठिकाणी चावली.
मग स्क्रू पिळला, पिळला,
जीभ बाहेर काढून आणखी अर्धा आटा,
टिक्.
चिमणीनं नख आपटावं एवढा आवाज.

मोईनचाचा कोकणी सांगायचे
(बाई काय वाइंडिंग करणार, असं
शेजारचा गाळा हसायचा तेव्हाची गोष्ट)
तार मधे तुटत नाही, बेटी.
जिथं आपल्याला वाटतं पक्की धरली,
तिथं तुटते.

तर ऐक.
आधी लायटरवर धर. लाल होऊ दे,
पाण्यात बुडवू नकोस, हवेतच निवू दे.
तांबट आळीत हंडा ठोकण्याआधी भाजतात,
तसंच हे.
मग फडक्यातून ओढून सरळ कर. पकड बाजूला ठेव.
अडीचच्या ड्रिलवर गुंडाळ,
ताण हवा, भांडण नको.
स्क्रू फिरतो त्याच अंगानं पाय वळव,
म्हणजे आवळताना तो तिला आत घेईल,
बाहेर ढकलणार नाही.
खांबाच्या भोकाची कड नखानं चाचपून बघ.
नख अडलं ना? तिथंच कापतेय ती.
पॉलिश पेपरचा एक हात मार.
आणि आवळताना,
तार हलेनाशी झाली की थांब.
त्यापुढचा आटा तुझ्या भीतीचा.
हे चाचांचं नाही, माझं आहे.

एवढं सांगून मी बांधायला घेतली
आणि पहिली माझ्याच हातात तुटली.
तन्मय हसला. मग माझं तोंड बघून थांबला.
दुसरी वाकडी बसली.
तिसरी राहिली.

त्यानं बटण दाबलं, कडेचा एकच वेढा पेटला.
चिमट्यानं हलकेच सगळे जवळ घेतले,
पुन्हा दाबलं.
आता मधून सुरू झाली, दोन्ही टोकांकडे सरकली,
केशरी.
मी ट्यूब बंद केली.
दोघं वाकून बघत राहिलो,
बाहेर त्र्यंबकची बस गिअर बदलत गेली.

आत कापूस भरायचा असतो म्हणे.
माझ्याकडे नव्हता.
"असू दे," तो म्हणाला,
आणि बटण दाबत राहिला, सोडत राहिला.

पैसे विचारले त्यानं.
म्हटलं, तुटलेल्या तारा ठेवून जा.

बाटलीच्या झाकणात आहेत अजून, सात तुकडे,
प्रत्येकाचं टोक चपटं, स्क्रूनं दाबलेलं.
एक तारखेपासून अंजनेरीची मुलगी येतेय कामाला.
हात चांगला आहे म्हणतात, फक्त घाई फार.
स्टेटर नंतर.
आधी तिच्यासमोर हे झाकण ठेवीन.